जुना रथ, नवे घोडे

गेल्या दिवाळींत आमच्या येथें लातुरास सर्व मंडळी जमली असतां एक वाद उपस्थित झाला, आणि वयानें वडील म्हणून त्याचा निवाडा करण्याचें काम आमच्याकडे आलें. वादाचा विषय वाटणीचा नव्हता कीं सोयरिकीचा नव्हता. अंगणांत पत्र्याच्या छपराखालीं उभी असलेली १९७८ सालची पद्मिनी मोटार, हा तो विषय होय. ही गाडी आमच्या तीर्थरूपांनीं घेतलेली. घरांतील चार लग्नांच्या वराती तिनें पाहिल्या, आणि १९९३ च्या ३० सप्टेंबर रोजीं पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हां पाण्याच्या घागरी व घोंगड्या भरून तीर्थरूप हीच गाडी घेऊन औशाकडे निघाले होते. गेलीं दोन वर्षें मात्र ती निळा धूर सोडूं लागली होती, आणि उन्हाळ्यांत थोडा चढ लागला कीं तिच्या रेडिएटरांतील पाणी उकळूं लागे.

आमचा पुतण्या पुण्यास यंत्रशास्त्र शिकला आहे. तो म्हणाला, "काका, हें इंजिन आतां थकलें. एखादें नवीन जपानी बनावटीचें इंजिन हिच्यांत बसवूं. गाडी तीच राहील, पळेल मात्र नव्यासारखी." त्याचे वडील, म्हणजे आमचे धाकटे बंधु, म्हणाले, "त्यापेक्षां भंगारांत देऊन मोकळें व्हावें." नव्वदीच्या घरांतील आमच्या मातोश्री इतका वेळ गप्प होत्या. त्यांनीं एवढेंच विचारलें, "तिचा आवाज तोच राहील का रे?" या प्रश्नाला कोणीच उत्तर दिलें नाहीं, आणि सर्वांच्या दृष्टि आमच्याकडे वळल्या.

कठोपनिषदांत शरीराला रथ, इंद्रियांना घोडे, मनाला लगाम व बुद्धीला सारथि म्हटलें आहे. हें रूपक शाळेंत शिकवितांना आमचा नेहमींचा अनुभव असा, कीं मुलांचें सारें लक्ष घोड्यांकडे जातें आणि लगामाचा अर्थ विचारला कीं वर्ग स्तब्ध होतो. येथेंहि तसेंच झालें आहे कीं काय, अशी आम्हांस शंका आली. म्हणून आम्हीं पंधरा दिवसांची मुदत मागून घेतली, आणि या प्रकरणाचा इतिहास, त्यांतील यंत्राचा भाग व त्यासंबंधींचा कायदा या तिन्हींचा जमेल तेवढा शोध केला. अशाच जुन्या गाड्या पुष्कळ घरांतून उभ्या असतील, म्हणून तो येथें देत आहों.

पद्मिनीचें कुळ इटलींतील, पण तिचें माहेर महाराष्ट्रांतच आहे. आमच्या शेजारच्या सोलापुरांत १८८२ सालीं जन्मलेले शेठ वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. मुंबईस कुर्ला येथें तिचा कारखाना उभा राहिला. प्रथम अमेरिकन बनावटीच्या गाड्या तेथें जोडल्या जात. पुढें इटलीच्या फियाट कंपनीशीं करार झाला. १९६४ सालीं फियाट ११०० डिलाइट ही गाडी आली, आणि १९७४ च्या सुमारास तीच चितोडच्या राणीचें नांव धारण करून पद्मिनी झाली. सुमारें २००० सालापर्यंत ती तयार होत होती. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सींच्या रूपानें ती सर्वांच्या ओळखीची झाली, आणि त्या टॅक्सींपैकीं शेवटची ऑक्टोबर २०२३ मध्यें रस्त्यावरून निवृत्त झाली.

या गाडीचें इंजिन १०८९ घन सेंटिमीटरांचें आणि सुमारें ४० अश्वशक्तीचें. सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटर आणि पिस्टनची धांव ७५ मिलिमीटर. धांव व्यासाहून मोठी असल्यामुळें त्याची प्रकृति बैलजोडीसारखी. तें सावकाश चालतें, पण ओढ सोडीत नाहीं. त्या काळच्या अरुंद रस्त्यांना तें पुरेसें होतें. आजच्या चौपदरी रस्त्यावर मागून भोंगे वाजूं लागले म्हणजे तें अपुरें वाटतें, यांत पुतण्याची चूक नाहीं.

शिवाय त्याची कल्पना अभूतपूर्व नव्हती. जुन्या देहांत नवें इंजिन घालण्याचा प्रयोग याच कंपनीनें स्वतःच केला होता. १९८५ सालीं तिनें ११८ एन. ई. या नांवाची गाडी काढली. त्या गाडीचा सांगाडा १९६६ सालच्या फियाट १२४ या गाडीचा आणि इंजिन जपानच्या निस्सान कंपनीचें, ए-१२ नांवाचें. तें ११७१ घन सेंटिमीटरांचें व सुमारें ५२ अश्वशक्तीचें होतें. त्याच्या सिलिंडरचा व्यास ७३ व पिस्टनची धांव ७० मिलिमीटर. म्हणजे येथें व्यास मोठा आणि धांव आंखूड, म्हणून तें अधिक वेगानें फिरण्यास राजी. पुढें १९९० नंतरच्या दशकांत पद्मिनींतहि १३६६ घन सेंटिमीटरांचें इटालियन डिझेल इंजिन बसविण्यांत आलें. कलकत्त्याकडील हिंदुस्थान मोटर्सनेंहि हीच वाट धरली होती. तिच्या कंटेसा या भारदस्त गाडीला आरंभीं १४८९ घन सेंटिमीटरांचें, अवघ्या ५० अश्वशक्तीचें जुनें इंजिन होतें. हत्तीला शेळीचें काळीज दिल्यासारखा तो प्रकार झाला, आणि पुढें इसुझु या जपानी कंपनीचें १.८ लिटरांचें इंजिन घातल्यावरच त्या गाडीला तिच्या आकारास शोभेल अशी चाल आली. त्याच जातीचें इंजिन नंतर अँबॅसिडरलाहि मिळालें.

या इतिहासांत दोन गोष्टी ध्यानांत धरण्याजोग्या आहेत. पहिली ही, कीं ज्याला आपण नवें म्हणतों तें पुष्कळदां फक्त आपल्याकडे नवें असतें. निस्सानचें तें इंजिन १९८५ सालीं आपल्याला नवलाचें वाटलें; पण त्याच्या घराण्याचा जन्म जपानांत १९६६ सालींच झाला होता. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. कारखान्यानें इंजिन बदललें तेव्हां एकटें इंजिन बदललें नाहीं. ११८ एन. ई. मध्यें निस्सानच्या इंजिनाबरोबर निस्सानचाच गिअरबॉक्स आला, आणि अँबॅसिडरला इसुझुच्या इंजिनाबरोबर पांच गिअरांची पेटी मिळाली. ज्यांच्या हाताशीं नकाशे, यंत्रें व अनुभवी माणसें होतीं, त्यांनींहि घोड्यांबरोबर जोखड बदललें, हें विसरतां कामा नये.

हा भाग समजून घेण्यासाठीं आम्ही नांदेड रस्त्यावरील एका वृद्ध मेस्त्रींकडे गेलों. ते म्हणाले, "गुरुजी, इंजिन बसवणं अवघड नाही. गाडी त्याच्याजोगी करणं अवघड." मग त्यांनीं बोटें मोडून एकेक गोष्ट सांगितली, ती अशी. पद्मिनीचें इंजिन गाडीच्या लांबीच्या दिशेनें बसतें आणि त्याची शक्ति लांब दांड्यानें मागच्या चाकांस पोंचते. मारुति ८०० सारख्या गाड्यांचें इंजिन आडवें असतें व पुढचीं चाकें ओढतें. म्हणून तें सहज मिळत असलें तरी येथें निरुपयोगी. लांबीनें बसणारें इंजिन मिळालें, तर त्याचे टेंके नवे घडवावे लागतात, तेलाची टांकी खालच्या आडव्या तुळईस घासते कीं काय तें पाहावें लागतें, आणि गिअरबॉक्स बदलला म्हणजे मागील दांडा कापून नव्या मापाचा करावा लागतो. पद्मिनीचा गिअर चाकाच्या दांड्यावर, सुकाणूखालीं असतो; नव्या पेटीचा गिअर जमिनींतून वर येतो, म्हणून गाडीच्या तळाला भोंक पडतें. अलीकडच्या इंजिनांत कार्ब्युरेटर नसतो. पेट्रोल मोठ्या दाबानें फवारलें जातें आणि तें किती फवारावें हें एक विजेचा मेंदू ठरवितो. तेव्हां तो मेंदू, त्याच्या तारा आणि पेट्रोलचा नवा पंप हीं सर्व बरोबर आणावीं लागतात.

उष्णतेचा प्रश्न निराळाच. पेट्रोलच्या ज्वलनानें जी उष्णता निर्माण होते तींतील ढोबळ मानानें एक-तृतीयांश किंवा त्याहून कमीच भाग चाकांच्या कामीं येतो. बाकीची धुराबरोबर व रेडिएटरवाटे बाहेर टाकावी लागते. शक्ति वाढविली कीं टाकावयाची उष्णताहि वाढली. चैत्र-वैशाखांत जेथें पारा चाळिशीच्या वर जातो त्या आमच्या मराठवाड्यांत जुना रेडिएटर तसाच ठेवून मोठें इंजिन बसविणें, म्हणजे आगींत तेल ओतणें होय.

आणि मग लगामाची गोष्ट. आमच्या पद्मिनीच्या चारहि चाकांस ड्रमचे ब्रेक आहेत, ते ४० अश्वशक्तीच्या हिशेबानें दिलेले. गाडीची गति ताशीं ६० किलोमीटरांवरून ८० झाली तर आपण म्हणतों गति एक-तृतीयांशानें वाढली. परंतु ब्रेकला जी ऊर्जा जिरवावी लागते ती गतीच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. म्हणजे ती जवळजवळ पावणेदोन पट होते. हें गणित आम्हीं पुतण्यास कागदावर मांडून दाखविलें. तो हुशार आहे; लगेच म्हणाला, "काका, ब्रेकचा विचार मी शेवटीं करणार होतों." आम्ही म्हणालों, "बाळ, तो प्रथम करावयाचा असतो."

आतां कायद्याकडे वळूं. मोटार-वाहन कायदा, १९८८, याच्या ५२ व्या कलमाप्रमाणें नोंदणीच्या दाखल्यांतील तपशील कारखान्यानें ठरविलेल्या मूळ तपशिलाशीं विसंगत होईल असा फेरफार मालकास करतां येत नाहीं. गॅस किंवा वीज यांसारख्या निराळ्या इंधनावर गाडी चालावी म्हणून मान्यताप्राप्त साहित्य बसविण्यास सशर्त सवलत आहे. मुंबईच्या कित्येक पद्मिनी टॅक्सी या रीतीनेंच गॅसवर चालत असत. इंजिनाचा क्रमांक दाखल्यावर कोरल्यासारखा असतो, म्हणून इंजिन बदलावयाचें तर नोंदणी अधिकाऱ्याची संमति पाहिजे आणि दाखल्यावर तशी नोंद करून घेतली पाहिजे. १९१९ मध्यें नव्हे, तर अगदीं २०१९ सालीं सर्वोच्च न्यायालयानें मूळ तपशिलास सोडून केलेल्या फेरफारांबद्दल कडक निर्णय दिला, आणि त्याच वर्षींच्या दुरुस्तीनें अनधिकृत फेरफारास सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक फेरफारामागें पांच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. हें सर्व ऐकून "कोण पाहतो?" असें म्हणणारे लोक असतात. पाहणारा एक दिवस येतो, आणि तो नेमका अपघाताच्या दिवशीं येतो. दाखल्यावर एक इंजिन व गाडींत दुसरें, असें आढळलें म्हणजे विम्याचा दावा अडतो, आणि जखमी माणसाची भरपाई घरादारावर येऊं शकते. एकत्र कुटुंबांत ती एकट्या हौशी तरुणावर येत नाहीं, हें सांगावयास नको.

याच शोधांत आणखी एक गोष्ट हातीं लागली. २०२१ सालच्या नियमांनीं, प्रथम नोंदणीपासून पन्नास वर्षें उलटलेल्या खासगी गाडीस ऐतिहासिक वाहन म्हणून निराळी नोंदणी मिळूं शकते. तिचा नित्याचा वापर करतां येत नाहीं, प्रदर्शन किंवा मेळावा अशा प्रसंगींच ती बाहेर काढावयाची; आणि अट ही, कीं तिचा सांगाडा, देह व इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा. आमच्या पद्मिनीस पन्नास वर्षें २०२८ सालीं पुरीं होतील. आज नवें इंजिन घातलें तर हा मान तिला कायमचा मुकला.

पंधराव्या दिवशीं सर्वांना बसवून आम्हीं निवाडा दिला. इंजिन बदलणें हें पाप आहे असें आम्ही म्हणत नाहीं. ज्याचें इंजिन दुरुस्तीपलीकडे गेलें आहे, ज्याला त्याचे सुटे भाग मिळत नाहींत, आणि जो ब्रेक, रेडिएटर, गिअर व कागदपत्र या सर्वांचा खर्च व श्रम आधीं मोजून बसला आहे, त्यानें तें परवानगी घेऊन खुशाल करावें. परंतु ज्याला केवळ घोडे पाहिजेत आणि लगाम नको, त्यानें त्या वाटेस जाऊं नये. आमचें इंजिन थकलें होतें, मेलें नव्हतें. म्हणून तेंच उतरवून बांधावें, असें ठरलें.

पुतण्या क्षणभर हिरमुसला. पण दुसऱ्याच दिवशीं मेस्त्रींच्या हाताखालीं उभा राहिला. सिलिंडर घांसून थोडे मोठे केले, त्या मापाचे पिस्टन व रिंगा मुंबईहून मागविल्या, व्हॉल्व्ह बसवून घेतले, रेडिएटरची जाळी बदलली, आणि सर्वांआधीं, हें आम्ही मुद्दाम लिहितों, चारहि चाकांचे ब्रेक नवे केले. क्रमांक तोच राहिल्यामुळें दाखल्याला हात लावावा लागला नाहीं. गाडी ताशीं ६० किलोमीटरांनीं जाते. मागच्यांचे भोंगे अद्याप वाजतात. निळा धूर मात्र बंद झाला.

गाडी अंगणांत आली तेव्हां मातोश्री देवघरांत जप करीत होत्या. त्यांना कोणीं कांहीं सांगितलें नव्हतें. माळ तशीच हातांत धरून त्या ओसरीवर आल्या आणि म्हणाल्या, "आली का?" तीर्थरूप कचेरींतून परत येत तेव्हांहि त्या हेंच म्हणत असत. पुतण्यानें दार उघडून त्यांना पुढें बसविलें, आणि औशाच्या रस्त्यानें हळूहळू एक फेरी मारून आणली.