वायरलेसवाली मार्कोनी कंपनी कशी बुडाली?

बोट लांब गेली की आपला आधार म्हणजे केबिनमधला वायरलेस. तांडेल चॅनल 16 लावून ठेवतो, म्हणून घरची माणसं जरा निर्धास्त झोपतात. दर्यावर वायरलेस रुजवला तो मार्कोनी कंपनीने. आज ती कंपनी राहिलेली नाही. ती कशी बुडाली, हे आम्हा-तुम्हा बोटवाल्यांनी समजून घेण्यासारखं आहे.

गुल्येल्मो मार्कोनी या इटालियन तरुणाने 1897 साली लंडनला कंपनी काढली. 1901 मध्ये त्याचा संदेश अटलांटिकपार पोचला. कंपनी जहाजावर नुसता सेट बसवत नसे, तो चालवणारा माणूसही आपलाच पाठवायची. 1912 मध्ये टायटॅनिक बुडताना कंपनीच्याच दोघा ऑपरेटरांनी मदतीचे संदेश धाडले. ते ऐकून कार्पेथिया धावली नि सातशेच्या वर माणसं वाचली. 1927 मध्ये पुण्याजवळ खडकीला आणि दौंडला याच कंपनीच्या पद्धतीची केंद्रं सुरू होऊन विलायतेशी थेट बिनतारी संपर्क जुळला.

पुढे मालक बदलले. 1968 पासून कंपनी जीईसी या मोठ्या ब्रिटिश उद्योगाकडे होती. तिथले प्रमुख लॉर्ड वाइनस्टॉक हात राखून खर्च करणारे, गाठीशी पैसा ठेवणारे. 1996 मध्ये ते निवृत्त झाले नि वारं फिरलं.

तेव्हा इंटरनेटची तेजी होती. 1999 मध्ये नव्या कारभाऱ्यांनी लष्करी सामानाचा धंदा ब्रिटिश एरोस्पेसला दिला, उरलेल्या उद्योगाला मार्कोनी हे नाव लावलं आणि अमेरिकेतल्या दोन कंपन्या सहा अब्ज डॉलरच्या वर मोजून घेतल्या. साठवलेला पैसा संपला, वर कर्ज चढलं. 2001 मध्ये टेलिफोन कंपन्यांनी खरेदी आवरली नि मार्कोनीची कंबर मोडली. हजारो कामगार घरी बसले. 2003 मध्ये कंपनी सावकारांच्या हाती गेली, जुन्या भागधारकांकडे जेमतेम अर्धा टक्का उरला. 2005 मध्ये ब्रिटिश टेलिकॉमचं मोठं काम हुकलं आणि त्याच वर्षी बराचसा धंदा स्वीडनच्या एरिक्सनला विकायचं ठरलं.

कारागीर कच्चे नव्हते, नावही मोठं होतं. तेजी अशीच राहणार असं धरून चालले, तिथे घात झाला. आपल्याकडेही एक हंगाम बांगडा बरा लागला की दुसऱ्या बोटीची, मोठ्या इंजिनाची बोलणी सुरू होतात. घ्या, जरूर घ्या. पण मासळी लागली नाही तर हप्ता कुठून भरणार, हे आधी घरात सगळ्यांनी बसून ठरवा. पावसाळी बंदीत बोट किनाऱ्यावर असते, व्याज मात्र चालूच असतं.