घरी परतलेला जवान आणि त्याला सांभाळणारे हात

लोणावळ्याहून पुण्याकडे निघालेली लोकल मळवली, कामशेत, वडगाव, तळेगाव, देहूरोड अशी स्थानके मागे टाकीत तासाभरात खडकीला पोहोचते. रोजच्या प्रवाशाला त्या स्थानकाचे काही अप्रूप नसते. मात्र ज्या घरातील मुलगा किंवा पती सैन्यात असताना जायबंदी झाला, त्या घराला खडकी हे नाव चांगलेच परिचयाचे असते. पहिल्या महायुद्धातील अपंग सैनिकांना हाताला काम मिळावे म्हणून १९१७ साली मुंबईत सुरू झालेली क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट पुढे खडकीत आली. मज्जारज्जूला इजा होऊन कमरेखालचे किंवा मानेखालचे शरीर लुळे पडलेल्या जवानांसाठीचे पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र १९७४ पासून तेथेच आहे. कृत्रिम हातपाय बसवून देणारे लष्कराचे कृत्रिम अवयव केंद्रही पुण्यातच असून ते १९४४ सालचे आहे.

या संस्थांमधील डॉक्टर, परिचारिका आणि तंत्रज्ञ आपले काम चोख करतात. त्यानंतर एक दिवस सुटी मिळते आणि जवान मावळातील आपल्या घरी येतो. गावकरी हारतुरे घेऊन येतात, चार दिवस वर्दळ राहते. पाचव्या दिवसापासून घरात उरतात ती रोजची माणसे: सत्तरी गाठलेले वडील, गुडघे दुखणारी आई आणि लहान मुलांना सांभाळणारी पत्नी. वाचकहो, हा लेख त्यांच्यासाठी आहे. आपल्या घरातील माणूस सैनिक नसेल, अपघाताने किंवा आजाराने अंथरुणाला खिळला असेल, तरी यातील बहुतेक गोष्टी आपल्या उपयोगी पडतील.

मदत किती करावी?

घायाळ होऊन आलेल्या मुलाला तळहातावरच्या फोडासारखे जपावे, असे कोणत्याही आईला वाटणारच. पाण्याचा पेला त्याच्या हातात द्यावा, अंगरखा आपण घालावा, घासही भरवावा. पहिले काही दिवस ते आवश्यकही असते. परंतु जे काम त्याला वेळ लावून, धडपडत का होईना, स्वतः करता येते, ते आपण चटकन उरकून टाकतो तेव्हा त्याचा सराव बुडतो. हळूहळू ‘मला हे जमत नाही’ ही त्याची समजूत पक्की होते.

सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर यांचे उदाहरण येथे आठवावे. १९६५ च्या युद्धात ते गंभीर जखमी झाले. गोळी पाठीच्या कण्यात गेल्याने त्यांना अपंगत्व आले. उपचाराचा भाग म्हणून त्यांनी पोहायला सुरुवात केली. १९७२ साली हायडेलबर्ग येथील पॅरालिंपिक स्पर्धेत पन्नास मीटर जलतरणात त्यांनी सुवर्णपदक मिळवले आणि २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. प्रत्येकाने पदक मिळवावे असे यातून सुचवायचे नाही. कोणीतरी त्यांना पाण्यात उतरू दिले, हे आपण लक्षात घ्यावे. आपल्या घरातील ‘पाणी’ कदाचित स्वतः दाढी करणे असेल, भाजी निवडणे असेल किंवा मुलीचा अभ्यास घेणे असेल. फिजिओथेरपिस्टला विचारून दर महिन्याला एक नवे काम त्याच्या हाती सोपवावे आणि तो ते करीत असताना आपण शेजारी बसून गप्पा माराव्यात.

घराची रचनाही त्यासाठी थोडी बदलावी लागते. व्हीलचेअरसाठी दारे शक्यतो तीन फूट रुंद असावीत. उंबरठा किंवा पायरी एक फूट उंच असेल, तर उतार बारा फूट लांबीचा करावा. त्याहून चढा उतार एकट्याने चढवत नाही आणि उतरताना खुर्ची हातची निसटते. शौचालयात कमोडच्या दोन्ही बाजूंना मजबूत दांड्या बसवाव्यात.

कंबरेखाली संवेदना नसेल तर

मज्जारज्जूच्या इजेनंतर सर्वांत कपटी शत्रू म्हणजे शय्याव्रण, ज्याला आपण बेडसोर म्हणतो. एकाच जागी दाब पडून तेथील रक्तपुरवठा थांबतो आणि वेदना जाणवत नसल्याने कातडी आतून कुजेपर्यंत पत्ता लागत नाही. म्हणून झोपेत साधारणतः दर दोन तासांनी कूस बदलावी. खुर्चीत बसलेल्या माणसाने दर पंधरा ते तीस मिनिटांनी हातांवर भार देऊन स्वतःला उचलावे किंवा पुढे वाकावे. हवेची गादी उपयोगी पडते, पण ती आली म्हणून कूस बदलणे सोडू नये. रोज सकाळी माकडहाड, ढुंगण, खुबे, घोटे व टाचा पाहाव्यात. पाहणे त्याने स्वतः आरशाच्या साहाय्याने शिकावे हे उत्तम. दाब काढल्यानंतरही लाली जात नसेल, तर त्या जागेवर पुन्हा भार देऊ नये आणि डॉक्टरांना दाखवावे.

लोणावळ्याची थंडी बोचरी असते. तरीही बधिर पायांना गरम पाण्याची पिशवी, शेगडी किंवा शेकोटीचा शेक देऊ नये. भाजल्याचे त्याला कळणार नाही. पांघरूण आणि लोकरीचे सैल मोजे पुरेसे आहेत.

लघवीची नळी हाताळण्यापूर्वी साबणाने हात धुवावेत. लघवी गढूळ होणे, उग्र वास येणे, थंडी वाजून ताप येणे ही संसर्गाची लक्षणे आहेत. इजा छातीच्या वरच्या भागात किंवा मानेत असेल, तर आणखी एक धोका ध्यानात ठेवावा. अचानक असह्य डोकेदुखी, चेहऱ्यावर लाली व घाम, रक्तदाब एकदम वाढणे असे झाल्यास त्याला ताबडतोब बसते करावे, कपडे सैल करावेत, नळी पिळवटली किंवा तुंबली आहे का ते पाहावे आणि विलंब न लावता रुग्णालय गाठावे.

कृत्रिम पाय आणि मावळचा पाऊस

जून ते सप्टेंबर मावळात कपडे वाळत नाहीत, भिंतींना ओल येते, अंगणात शेवाळ धरते. कृत्रिम पाय वापरणाऱ्यासाठी हे चार महिने कसोटीचे असतात. पायाचा उरलेला भाग रात्री झोपण्यापूर्वी साबणाने धुऊन पूर्ण कोरडा करावा. सकाळी घाईने धुतल्यास कातडी ओलसर राहते आणि सॉकेटमध्ये घासली जाते. मोजे रोज बदलावेत आणि पावसाळ्यासाठी चार जोड जास्तीचे ठेवावेत. सॉकेट आतून ओल्या फडक्याने पुसून कोरडे करावे. पाय काढल्यानंतर वीसेक मिनिटांत लाली गेली नाही, फोड आला किंवा कातडी सोलली, तर तो बरा होईपर्यंत पाय घालू नये आणि सॉकेट तपासून घ्यावे. अंगणातील शेवाळ खराट्याने घासून काढण्याचे काम पावसाळाभर दर आठवड्याला करावे.

नसलेल्या पायाची बोटे दुखतात, असे तो म्हणाला तर हसू नये आणि ‘मनाचे खेळ आहेत’ असेही म्हणू नये. ही वेदना खरी असते. तुटलेल्या नसा आणि मेंदू यांच्यातील संदेश चालूच राहतात म्हणून ती होते. तिच्यावर औषधे आहेत, तसेच आरशापुढे करायचे व्यायामही आहेत.

मनाची जखम

दिवाळीतील फटाका, डोंगरातील सुरुंग किंवा विजेचा कडकडाट ऐकून तो दचकत असेल, रात्री घाम फुटून जागा होत असेल, माणसांत बसणे टाळत असेल, तर त्याला भित्रा ठरवू नका. झोपेत ओरडू लागल्यास अंगाला हात लावून हलवू नका. थोड्या अंतरावरून त्याचे नाव घ्या, दिवा लावा, ‘तू घरी आहेस’ असे शांतपणे सांगा. प्रसंग वदवून घेण्याचा आग्रह नको. तो बोलू लागला, तर मात्र हातातले काम बाजूला ठेवून ऐका.

कॅन्टीनमधून येणारी बाटली हा अनेक घरांत न बोलला जाणारा विषय आहे. वेदनेच्या किंवा झोपेच्या औषधांवर मद्य घेणे जिवावर बेतू शकते, हे स्पष्ट सांगावे. ‘टेली मानस’ची १४४१६ ही निःशुल्क सेवा अहोरात्र उपलब्ध असते. सैनिक व त्यांच्या कुटुंबीयांसाठी तिचा विशेष कक्ष १ डिसेंबर २०२३ रोजी पुण्याच्या सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालयात सुरू झाला आहे. हा दूरध्वनी पत्नीने किंवा आईने स्वतःसाठी केला तरी चालतो. जगण्यात अर्थ नाही अशी भाषा तो करू लागला, तर त्याला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी मदत घ्यावी.

लोणावळ्यात १९२४ पासून कैवल्यधाम आहे, त्यामुळे योगाचे नाव या परिसरात आपसूक निघते. सावकाश, दीर्घ श्वास सोडण्याचा सराव मन शांत करतो. परंतु डोक्याला मार लागलेला असेल किंवा रक्तदाब असेल, तर श्वास रोखून धरणे आणि कपालभातीसारख्या जोरकस क्रिया डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय करू नयेत.

आपलीही पाठ आहे

मुलाला खाटेवरून खुर्चीत घेताना आईची किंवा वडिलांची पाठ भरते, मग एका घरात दोन रुग्ण होतात. उचलण्याऐवजी गुळगुळीत फळीवरून सरकवण्याची पद्धत फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्यावी. रात्रीच्या पाळ्या वाटून घ्याव्यात. सुनेने आठवड्यातून एक दुपार माहेरी, देवळात किंवा नुसतीच मैत्रिणीकडे घालवावी, आणि ती घालवताना तिला कोणी अपराधी वाटू देऊ नये. आपली रक्तदाबाची, मधुमेहाची औषधे चुकवू नयेत. ‘काही लागले तर सांगा’ म्हणणाऱ्या शेजाऱ्याला नेमके काम सांगावे: बुधवारी दोन तास याच्याजवळ बसा.

कागद जागच्या जागी

वैद्यकीय मंडळाचा अहवाल, निवृत्तिवेतनाचा आदेश आणि अपंगत्वाचा दाखला यांच्या प्रती एका पिशवीत ठेवाव्यात. दरवर्षीचा हयातीचा दाखला चुकवू नये. अपंगत्व शंभर टक्के असेल, तर सतत शुश्रूषा करणाऱ्या माणसासाठी वेगळा भत्ता वैद्यकीय मंडळाच्या शिफारशीने मिळू शकतो. २००३ साली सुरू झालेल्या माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजनेचा लाभ अटी पूर्ण करणाऱ्या आश्रित आईवडिलांनाही मिळतो. पुण्यातील जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात याची चौकशी करावी. या सर्व कागदांची माहिती पत्नीलाही असावी.

आमच्या पश्चात?

हा प्रश्न वृद्ध आईवडील मोठ्याने विचारत नाहीत, पण रात्री झोप उडवतो तो हाच. त्याची तयारी आजपासून करता येते. तो स्वतःची कातडी स्वतः तपासू लागला, नळी स्वतः बदलू लागला, बँकेचे व्यवहार पाहू लागला आणि गावात दोन माणसांशी त्याचे येणेजाणे राहिले, तर तुमची काळजी थोडी थोडी उतरत जाईल. म्हणून ग्रामसभेचे, भजनाचे, शाळेच्या झेंडावंदनाचे निमंत्रण आले, की वेळ लागला तरी त्याला न्या. तेथे जायला उतार नसेल, तर गावाला तो करायला सांगा. हारतुरे एक दिवसाचे असतात. सिमेंटचा तो उतार मात्र त्याच्याही कामी येईल आणि उद्या काठी टेकीत येणाऱ्या तुमच्याआमच्याही.