भीमेच्या माहेरी

श्रावण लागला की ज्योतिर्लिंगांच्या वाटा गजबजू लागतात. भीमाशंकराची वाट मात्र अरण्यातून जाते. आणि त्या वाटेस मी दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणात निघालो तो, खरे सांगायचे तर, शंकराच्या ओढीने नव्हे. मला माझ्या आईने पाठविले होते.

आई त्या वेळी चौऱ्याऐंशी वर्षांची होती. आमचे घराणे माळकरी. चाळीसहून अधिक वर्षे तिने पंढरीची वारी चुकविली नव्हती. पण गुडघ्यांनी असहकार पुकारल्यापासून तिची वारी देवघरापर्यंतच येऊन थांबली. आषाढीच्या रात्री ती मला म्हणाली, "अरे, इतकी वर्षे मी चंद्रभागेला तिच्या सासरी भेटत आले. तिचे माहेर काही पाहणे झाले नाही. तू जा, आणि तिथले गडूभर पाणी मला आणून दे." नदीचे सासर म्हणजे सागर, हे तिला कोण सांगणार? तिच्या लेखी भीमा विठोबाच्या पायांशी पोहोचली, तेथेच ती नांदावयास गेली.

वाचकांपैकी पुष्कळांना हे ठाऊक असेलच, की पंढरपुरास चंद्रकोरीसारखे वळण घेते म्हणून जिला आपण चंद्रभागा म्हणतो, ती नदी भीमाच होय. सह्याद्रीच्या माथ्यावर भीमाशंकरी ती उगम पावते. तुळापुरी तिला इंद्रायणी मिळते, म्हणजे आळंदीचे नि देहूचे पाणी तिच्यात येते. पुढे सिद्धटेकच्या गणरायाला वळसा घालून ती पंढरीस जाते. तेथून खाली गाणगापुरी अमरजेला पोटात घेऊन, ८६१ किलोमीटरांचा प्रवास संपवून, रायचूरच्या बाजूस कृष्णेत विलीन होते. शैव, वैष्णव, गाणपत्य, दत्तभक्त असे भेद आपण कितीही मानले, तरी आपण सारे न्हातो ते एकाच पाण्यात!

पुण्याहून भीमाशंकर सुमारे १२५ किलोमीटर. पहाटेच्या एस.टी.ने मंचर, घोडेगाव मागे टाकले आणि डिंभे धरणाचा जलाशय उजाडता उजाडता दिसू लागला. शेजारच्या प्रवाशाने हात जोडले. मला वाटले, देवाला जोडले असतील. पण त्याने धुक्यातल्या डोंगरांकडे बोट दाखविले आणि एवढेच म्हटले, "माळीण तिकडं." ३० जुलै २०१४ च्या सकाळी या डोंगराचा एक कडा खचला आणि दीडशेहून अधिक माणसांसह अख्खे गाव चिखलाखाली गेले. ज्या पर्वताला आपण कैलास म्हणून वंदन करण्यास निघालो, त्याचे हेही एक रूप आहे. पुढे बराच वेळ गाडीत कोणी बोलले नाही.

माझ्या वडिलांच्या तरुणपणी ही गाडीवाट त्यांच्या ध्यानीमनीही नव्हती. ते कोकणच्या अंगाने, कर्जतकडून खांडसला येऊन गणपती घाटाने पायी चढले होते. शेजारीच शिडी घाट आहे. तो जवळचा, पण कातळात शिड्यांवरून चढण्याचा आणि पावसात जिवावर बेतणारा. वडील म्हणत, की देवळात पोहोचेपर्यंत मागण्यासारखे काही उरतच नाही, सारे घामावाटे निघून जाते. एस.टी.तून उतरताना माझ्याजवळ मात्र मागण्यांची यादी जशीच्या तशी होती.

बहुतेक डोंगरी देवस्थानी देव शिखरावर असतो आणि भक्त धापा टाकीत चढतो. भीमाशंकरी दोनशेहून अधिक पायऱ्या उतराव्या लागतात. चोहोबाजूंनी रानाने वेढलेल्या एका खोलगट जागी काळ्या पाषाणाचे पुरातन देऊळ उभे आहे. पेशवाईत नाना फडणविसांनी त्याचा जीर्णोद्धार करून शिखर बांधले. जवळच मोठी घंटा आहे. ती मुळात चर्चची. १७३९ साली चिमाजी आप्पांनी पोर्तुगीजांपासून वसई घेतली, तेव्हा तेथून आलेल्या घंटांपैकी ही एक. तिचा नाद आपल्या देवळातील घंटांहून खोल आहे. धुक्यात तर तो कोठून येतो तेच समजत नाही.

या स्थानाच्या दोन कथा आहेत. पहिलीत त्रिपुरासुराचा वध करून थकलेले महादेव सह्याद्रीवर विसावले आणि त्यांच्या अंगच्या घामाची भीमा झाली. दुसरी शिवपुराणातील. कुंभकर्णाचा पुत्र भीम याने कामरूपाच्या राजास बंदीत टाकले; राजाने तेथेच पार्थिव लिंग करून पूजा चालविली; राक्षसाने त्यावर तलवार उगारताच महादेव प्रकट झाले आणि एका हुंकाराने त्याला भस्म केले. कथेत कामरूप आहे म्हणून आसामातील भाविक हे ज्योतिर्लिंग गुवाहाटीजवळच्या आपल्या डोंगरात मानतात, आपण सह्याद्रीत मानतो. या वादात पडण्याचे मला प्रयोजन वाटत नाही. मला त्या कथेतील निराळाच भाग प्रिय आहे: राक्षसांची ती राख वनात पसरली आणि तिच्यातून नाना औषधी उगवल्या, असे पुराण सांगते. इकडच्या महादेव कोळ्यांच्या वाड्यांत आजही हिरडा गोळा करून पुष्कळ घरांची चूल पेटते. ते गोळा करणाऱ्याने पुराण वाचलेले नसेल. पण त्या ओंजळीत पुराणच असते.

तीन तासांच्या रांगेनंतर गाभाऱ्यात क्षणभर दर्शन झाले. त्या क्षणी यादीतले एकही मागणे आठवले नाही. बाहेर येऊन मी गडू काढला आणि कुंडाकडे वळलो. तेथे जे दिसले ते लिहिताना हात अडखळतो. पाण्यावर बेलाच्या पानांबरोबर प्लॅस्टिकच्या पिशव्या तरंगत होत्या, कोणाची ओली वस्त्रे काठाशी टाकलेली होती, उदबत्तीची रिकामी पुडकी चिखलात रुतली होती. हेच का माहेर? गडू हातात धरून मी उभाच राहिलो.

बेल विकणारी एक वृद्धा इरले सारून माझ्याकडे पाहत होती. म्हणाली, "आईसाठी न्यायचं ना? मग हितलं नका भरू, बाबा. गुप्त भीमाशंकराला जावा. नातू दावील वाट."

उगमाशी प्रकटलेली भीमा लगेच लुप्त होते आणि पूर्वेस दीड-दोन किलोमीटरांवर रानात पुन्हा वर येते, अशी श्रद्धा आहे. दहा-अकरा वर्षांचा तो मुलगा पुढे, मी मागे. देवळाचा गलबला पाचच मिनिटांत मावळला आणि पावसाचा आवाज बदलला. उघड्यावर पाऊस पडतो. रानात तो झिरपतो. वरच्या पानांवरून खालच्या पानांवर, तेथून शेवाळलेल्या खोडावरून मुळांशी, असे त्याचे उतरणे चालले होते. अभिषेकपात्रातून लिंगावर थेंब थेंब उतरतो तसे. हे रान नसते तर हेच पाणी तासाभरात धो धो वाहून गेले असते आणि भीमेला पुढचे महिने काढणे जड झाले असते. एवढे समजण्यास मला इतकी वर्षे लागली, आणि इतका वेळ रांगेत उभे राहावे लागले.

मुलाने मध्येच थांबून बोट वर केले. तांबूस पाठीचा, झुबकेदार शेपटीचा शेकरू एका फांदीवरून दुसरीवर झेपावत होता. महाराष्ट्राने ज्याला राज्यप्राणी मानले तो हाच. त्याच्यासाठीच विशेषकरून १९८५ साली येथे सुमारे १३१ चौरस किलोमीटरांचे अभयारण्य झाले. शेकरू सहसा जमिनीवर उतरत नाही. झाडांचे शेंडे एकमेकांस भिडलेले असले तरच त्याचा संसार चालतो. मध्ये चार झाडे तुटली की त्याची वाट खुंटते. मुलगा म्हणाला, पावसाळ्यात रात्री इथली कुजकी लाकडे उजळतात. बुरशीचा तो प्रकाश पाहावयास दुरून माणसे येतात, पण त्याला त्याचे काही अप्रूप दिसले नाही.

गुप्त भीमाशंकरापाशी झरा एका लहानशा लिंगावर अखंड कोसळत होता. पुजारी नाही, रांग नाही. मी गडू भरला, त्याच्या तोंडाला कापड बांधले आणि ज्या प्लॅस्टिकच्या पिशवीतून तो आणला होता ती झटकली. वाऱ्याने ती हातून सुटली आणि प्रवाहात पडली. मी नुसता पाहत राहिलो. कुंडाकाठी लोकांना मनातल्या मनात नावे ठेवून अजून तासही उलटला नव्हता.

मुलगा मात्र दगडांवरून उड्या मारीत खाली धावला. दिसेनासा झाला. निसरड्या कातळांकडे पाहून माझा जीव टांगणीला लागला. हाका मारल्या तर पाण्यापुढे माझाच आवाज मला ऐकू येईना. बऱ्याच वेळाने तो परतला, तेव्हा त्याच्या हातात सात-आठ पिशव्या होत्या. झाडाच्या मुळात अडकल्या होत्या म्हणे. त्यातली एक माझी. त्याने त्या पिळल्या, आपल्या पोत्याच्या खोळीत कोंबल्या आणि काही न बोलता परतीची वाट धरली. मी पैसे पुढे केले तेव्हा त्याने वाट दाखविण्याचेच घेतले.

घरी आल्यावर आईने गडू दोन्ही हातांनी घेतला. पाण्याची बोटे डोळ्यांना लावली, आणि देवघरातल्या चंद्रभागेच्या जुन्या तीर्थाच्या तांब्याशेजारी तो ठेवला. मग विचारले, "कसे आहे रे माहेर?"

मी सारे सांगितले. कुंडही, पिशवीही. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मात्र तिने नातीला सुई ओवून देण्यास सांगितले आणि आपल्या जुन्या नऊवारीचा एक पट्टा काढून बसली. चार दिवसांनी दोन पिशव्या शिवून झाल्या, वर ओढायची नाडी घातलेल्या.

"ही तुझी," ती म्हणाली, "आणि ही त्या पोराला. पुन्हा जाशील तेव्हा ने."