पेटीला आठवण नसते

मोबाइलवरील खेळांत ‘लूट बॉक्स’ नावाची पेटी तुम्ही पाहिली असेल. पैसे भरायचे, पेटी उघडायची आणि निघेल ते घ्यायचे. दुर्मिळ तलवार निघेल की नेहमीचीच टोपी, हे आधी कळत नाही. ‘इतक्या उघडल्या, आता तरी निघेलच!’ असे वाटते आणि हात थांबत नाही. हे वाटणे कितपत खरे, ते गणितानेच तपासू या.

वर्गातील प्रत्येकाने एक फासा सहा वेळा टाकावा. सहा पडले की बक्षीस! एका फेकीत सहा न पडण्याची संभाव्यता ५/६. सहाही फेकींत न पडण्याची संभाव्यता ५/६ चा सहावा घात, म्हणजे सुमारे ०.३३. म्हणजेच साधारण एक तृतीयांश वर्ग रिकाम्या हातांनी परतेल.

आता समजा, पेटीत तलवार निघण्याची संभाव्यता दर वेळी १ टक्का आहे. शंभर पेट्यांत ती एकदाही न निघण्याची संभाव्यता ०.९९ चा शंभरावा घात, म्हणजे सुमारे ०.३७. पेटी २० रुपयांची धरली, तर प्रत्येकी २,००० रुपये घालवूनही शंभर खेळाडूंपैकी सुमारे ३७ जणांना तलवार मिळणार नाही. त्यांच्या पुढच्या पेटीची संभाव्यता किती? तीच, १ टक्का! आधी काय निघाले, हे पेटीला आठवत नाही. काही खेळ ठरावीक पेट्यांनंतर वस्तूची हमी देतात. तेथे हमीपर्यंतचा सगळा खर्च मोजावा.

मग मोह का सुटत नाही? अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी कबुतरांवर प्रयोग केले. किती टोचींनंतर दाणा मिळेल हे अनिश्चित ठेवले, की कबुतरे भराभर टोचत राहत. दाणे बंद केल्यावरही लवकर थांबत नसत. जुगाराच्या यंत्रांचे तत्त्व हेच आहे.

चीनने २०१७ मध्ये पेट्यांतील संभाव्यता जाहीर करणे खेळ चालवणाऱ्यांना बंधनकारक केले. बेल्जियमच्या जुगार आयोगाने २०१८ मध्ये काही खेळांतील पेट्या जुगारच ठरवल्या. पण पहिला उपाय तुमच्याच हाती आहे. खेळातील नाणी आणि हिरे यांची किंमत रुपयांत मांडा. खर्चाची मर्यादा खेळण्यापूर्वीच घरच्यांशी बोलून कागदावर लिहा. ती वारंवार मोडू लागली किंवा खर्च लपवावासा वाटला, तर आईवडिलांना किंवा शिक्षकांना मोकळेपणाने सांगा. त्यात लाज कसली?

जाता जाता एक गणित : संभाव्यता १० टक्के असेल, तर दहा पेट्या उघडूनही रिकामे राहणारे शंभरात किती?