जुन्या घरातील विजेच्या तारा
बडोद्यातील आमच्या जुन्या वाड्यात २०२३ साली विजेच्या तारा बदलल्या, तेव्हा सागवानी पट्टीचे लाकूड एके ठिकाणी कोळशासारखे काळे पडलेले आढळले. जुन्या तारांवर रबराचे वेष्टन व वर सुती विणीचे आवरण असे. उष्णतेने रबर कालांतराने कडक होऊन तडकते. आमच्याकडे तर हात लावताच त्याचा भुगा झाला. या तारा चार दिव्यांपुरत्या. २ किलोवॅटचा गिझर मात्र २३० व्होल्टवर जवळजवळ ९ अँपिअर प्रवाह ओढतो. फ्यूज वारंवार जाई, म्हणून आम्हीच त्यात जाड तार घातली होती! मग फ्यूज वितळेना आणि भिंतीवरील तार तापत राहिली. आता तांब्याच्या नव्या तारा, अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअर गळती होताच प्रवाह तोडणारे यंत्र बसविले आहे. परवानाधारक वायरमनने मेन स्विच बंद केल्यावाचून कशालाही हात लावला नाही.