गळ, दोर आणि गोदावरीची खडशी



मासे धरणे हा व्याख्यानाचा विषय होऊ शकतो काय, अशी शंका आपल्यापैकी कित्येकांच्या मनात आली असेल. त्यातून हे गोदेचे पटांगण! येथे बसून गळाच्या गोष्टी करणे म्हणजे देवळाच्या ओवरीत पत्ते पिसण्यासारखे आहे, असेही कोणी म्हणेल. परंतु अशा शंकेखोरांसाठी एक दाखला प्रथमच देऊन ठेवतो. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ रचला. राजाने मनोविनोदासाठी काय काय करावे हे त्यात सांगताना त्याने ‘मत्स्यविनोद’ नावाचे एक प्रकरणच घातले आहे. समुद्रातले मासे कोणते, गोड्या पाण्यातले कोणते, खवल्यांचे कोणते, बिनखवल्यांचे कोणते, त्यांना चारा कसा घालावा, गळ आणि दोर कसा असावा, हे सारे तो सांगतो. इंग्रजांचा लाडका आयझॅक वॉल्टन आपले गळाचे पुस्तक घेऊन आला तो 1653 साली, म्हणजे सोमेश्वरानंतर पाचशेहून अधिक वर्षांनी. तेव्हा विषय परका नाही, इतके तरी मान्य व्हावे.

आता जी तऱ्हा मी समजावून सांगणार आहे ती मात्र पाश्चात्त्यांनी वाढवली. आपल्या भोयांचा गळ आपण पाहिला आहे. दोराला शिशाची गोळी असते, गळाला गांडूळ किंवा कणकेची गोळी असते आणि वर तरंगा असतो. दोर भिरकावला की शिशाचे वजन त्याला ओढून नेते. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर स्टीलहेड नावाचा एक मासा आहे. नदीत जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला पुन्हा जन्माच्या नदीत येतो. नदीत चढताना तो फारसे खात नाही. अशा माशाला कणीक दाखवून काय उपयोग? त्याला डिवचावे लागते. म्हणून गळाला पिसे, लोकर आणि दोरा गुंडाळून एक खोटा किडा किंवा खोटी मासळी बनवतात. तिला आपण ‘माशी’ म्हणू. कोंबड्याच्या मानेचे पीस पाण्यात श्वास घेतल्यासारखे हलते, आणि मोरपिसाचे तंतू ओले झाले की किड्याच्या अंगासारखे चकाकतात. हे दोन जिन्नस जगभरचे माशी बांधणारे वापरतात.

पण अडचण अशी की ही माशी पिसासारखी हलकी. वाऱ्यावर पीस फेकून पाहा, चार हातही जाणार नाही. मग ती साठ फुटांवर कशी पोचावी? येथेच या कलेची सारी मेख आहे. वजन गळाला न देता दोरालाच द्यायचे! आठ क्रमांकाच्या दोराचे पहिले तीस फूट सुमारे साडेतेरा ग्रॅम भरतात, म्हणजे तोळ्याहून थोडे अधिक. पूर्वी हा दोर तेल पाजलेल्या रेशमाचा असे. आता प्लास्टिकचा लेप दिलेला मिळतो. त्याच्या टोकाला नऊएक फुटांचा, निमुळता होत गेलेला, पाण्यात न दिसणारा बारीक धागा आणि त्याच्या टोकाला माशी.

बैल हाकणारा आसूड कसा उडवतो ते आठवा. हात मागे जातो, वादी मागे पूर्ण पसरते, आणि मग पुढे झटका देऊन हात एकदम थांबतो. हात थांबतो म्हणून वादी धावते. काठीचे तसेच आहे. नवशिका दोर मागे पसरायच्या आधीच घाईने काठी पुढे आणतो. मग आसुडासारखा फटाक आवाज होतो आणि माशी तुटून जाते. मी पहिल्या दिवशी सात माश्या अशा गमावल्या, आणि आठवी माझ्याच टोपीत रुतली. जोर लावू नये, थांबावे, एवढे कळायला मला एक हिवाळा लागला. मागे झाडी असली तर दोर मागे नेताच येत नाही. अशा वेळी तो पाण्यावरूनच वळसा देऊन पुढे लोटतात. स्कॉटलंडमधील स्पे नदीच्या नावाने ही फेक ओळखली जाते आणि तिला तेरा-चौदा फुटांची दोन हातांनी धरायची काठी सोयीची पडते. पूर्वी चिरलेल्या बांबूच्या पट्ट्या जोडून काठ्या करीत, आज कार्बनच्या तंतूंच्या करतात. किंमत ऐकून घाबरू नका. हात तयार नसेल तर भारी काठीही टोपीच पकडते.

दोर पडल्यावर काय? नदीच्या आडवा आणि किंचित खालच्या अंगाला तो टाकायचा आणि प्रवाहाला काम करू द्यायचे. पाणी दोराला ओढते, माशी धनुष्याच्या आकारात पात्र ओलांडत आपल्या काठाकडे येते. मध्ये धार जोराची असली तर दोराचे पोट पुढे वाहून जाते आणि माशी भलत्याच वेगाने पळू लागते. तेव्हा काठीच्या हलक्या झटक्याने ते पोट उचलून वरच्या अंगाला ठेवावे. झटका बहुधा वळण संपता संपता बसतो. न बसल्यास दोन पावले खाली सरकून पुन्हा तेच.

येथे आपण विचाराल, हा स्टीलहेड आमच्या गोदेत आणून सोडावा काय? तो येथे जगणार नाही. त्याला थंड पाणी लागते. त्याचाच गोड्या पाण्यात राहणारा भाऊ, इंद्रधनुषी ट्राउट, निलगिरीत आणि हिमाचलात आणून वसवला गेला तोही थंडीच्याच आधाराने. शिवाय आणायची गरज काय? आपला खडशी आहे की! त्यालाच उत्तरेत महसीर म्हणतात. कर्नल साइक्सने 1839 साली पुण्याच्या पूर्वेकडील मुळा-मुठेतल्या या माशाचे शास्त्रीय वर्णन केले आणि आपल्या बोलीतल्या नावावरूनच त्याला ‘खुद्री’ हे नाव दिले. ‘द रॉड इन इंडिया’ हे पुस्तक 1873 मध्ये लिहिणाऱ्या थॉमससाहेबाने तर महसीरला विलायतेच्या सामन माशाहूनही वरचढ ठरवले. त्याच्या तोंडात दात नाहीत, पण घशात आहेत, आणि त्यांनी तो खेकडे व शिंपले भरडतो. उंबरे, जांभळे, किडे, लहान मासळी, काहीही चालते. खळाळ जेथे डोहाला मिळतो तेथे पहाटे आणि दिवस मावळताना तो उभा राहतो. दोन बोटे लांबीची, मासळीसारखी बांधलेली माशी तेथून वळवत न्यावी. त्याची पहिली धाव अशी असते की चक्रीवरचा दोर किंचाळत सुटतो. त्या वेळी दोर घट्ट धरू नये.

मरळ, वाम यांचे तंत्र निराळे. वाम तळाशी राहतो, त्याला गांडूळच हवे. मरळ संथ पाण्यातला. तो हवेतही श्वास घेतो आणि पिलांचा लालसर थवा राखत फिरतो. त्या थव्यावर गळ टाकला की बाप किंवा आई धावून येते आणि अडकते. ही युक्ती सर्वांना ठाऊक आहे. मी ती वापरत नाही.

खडशीचे मात्र एक मोठे दुखणे आहे. पावसाळ्यात तो प्रवाहाच्या वर चढतो आणि स्वच्छ, खेळत्या पाण्यातल्या वाळू-गोट्यांत अंडी घालतो. अंडी जड असतात, ती गोट्यांच्या फटींत बसतात. वाटेत धरणाची भिंत आली की चढणे संपले. सांडपाणी आले की फटी चिखलाने बुजल्या. आणि आपण तर याच पटांगणासमोर पात्रातल्या कुंडांच्या तळाला काँक्रीट घातले! खडशीने अंडी घालावी तरी कोठे? लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटांच्या वीज कंपनीच्या तलावांवर डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी 1970 च्या सुमारास या माशाची कृत्रिम पैदास साधली, हे फार मोठे काम झाले. पण तेथली पिले पुढे कावेरीतही सोडली गेली, ती तेथे फोफावली, आणि कावेरीचा स्वतःचा कुबड्या महसीर मागे हटला. 2018 मध्ये त्याची नोंद जगातील अतिसंकटग्रस्त जातींत झाली. एका नदीचा उपकार दुसऱ्या नदीला असा बाधला.

म्हणून ज्यांना काठी घ्यावीशी वाटेल त्यांनी काही पथ्ये पाळावीत. गळाचा काटा कानशीने घासून टाकावा. मासा धरण्याआधी हात ओले करावेत, नाहीतर अंगावरचा बुळबुळीत थर निघतो व रोग जडतो. त्याला पाण्याबाहेर फार ठेवू नये. तोंड प्रवाहाकडे करून आधार द्यावा, तो आपणहून निघून जातो. पावसाळ्यात खडशीच्या मागे जाऊ नये. जलाशयांतील मासेमारी बहुधा मच्छीमार संस्थांकडे ठेक्याने असते, तेव्हा आधी त्यांना विचारावे. त्यांच्या पोटावर आपली हौस नको.

आणि ज्यांना गळ नको, नुसता मासा पाहायचा आहे, त्यांच्यासाठी एक जागा सांगतो. आपल्या त्र्यंबकच्या डोंगरात उगवणारी वैतरणा पश्चिमेला उतरते. वाडे तालुक्यात तिच्या काठी तिळसे येथे महादेवाचे देऊळ आहे. तेथल्या डोहातले महसीर देवाचे म्हणून कोणी धरत नाही. सकाळी लवकर जावे आणि घाटाच्या पायरीवर सावली पाण्यात पडणार नाही असे बसावे. डोळे पाण्याच्या झळाळीला सरावले की आधी शेपट्या दिसू लागतात, मग एकेक सोनेरी पाठ.