स्पर्शावर सावरलेला तोल

दोन पायांवर उभा असलेला माणूस स्थिर दिसत असला, तरी त्याचे शरीर घोट्यांभोवती सतत किंचित पुढेमागे झुलत असते आणि मेंदू ते झुलणे तीन मार्गांनी येणाऱ्या माहितीच्या आधारे क्षणोक्षणी आवरत असतो. पहिला मार्ग डोळ्यांचा. दुसरा आंतरकर्णाचा, जिथे डोक्याचे वळणे, कलणे आणि वेगातील बदल टिपले जातात. तिसरा तळपायाची त्वचा, स्नायू आणि सांधे यांचा, ज्यातून आपले अवयव कुठे आहेत याची न पाहता होणारी जाणीव, म्हणजे अंगस्थितीबोध, मिळतो. मज्जारज्जूच्या एका विकाराचे रुग्ण पाय जुळवून उभे असताना डोळे मिटताच डगमगतात, हे एकोणिसाव्या शतकात मॉरिट्झ रोमबर्ग या जर्मन वैद्याने नोंदवले. त्यांचा तिसरा मार्ग आधीच निकामी झालेला असे आणि पहिल्यावरच मुख्य भिस्त असे.

दृष्टिबाधित खेळाडूची स्थिती याच्या उलट असते, कारण त्याचा पहिला मार्ग बंद किंवा अंधुक असला तरी उरलेले दोन शाबूत असतात आणि मेंदू त्यांवरचा भरवसा वाढवू शकतो. मात्र दृष्टी गेली की इतर इंद्रिये आपोआप तीक्ष्ण होतात, ही समजूत तोलाच्या बाबतीत फारशी टिकत नाही. पायांखालचा दाब मोजणाऱ्या फोर्स प्लेटवर, विशेषतः मऊ फोमवर किंवा एका पायावर उभे केले असता, अंध व्यक्तीचे झुलणे डोळे उघडे ठेवलेल्या डोळस व्यक्तीपेक्षा सहसा अधिक भरते. हे अंतर कमी होते ते सरावाने, आणि म्हणूनच अंध खेळाडूच्या तोलाला चमत्कार म्हणणे हा त्याच्या मेहनतीवरचा अन्याय आहे.

तोल सावरण्यात स्पर्शाचा वाटा किती मोठा, हे जेका आणि लॅकनर या संशोधकांनी १९९४ मध्ये दाखवले. स्थिर पृष्ठभागाला बोटाचे टोक केवळ टेकवले, म्हणजे शरीराचा भार पेलू शकणार नाही इतक्या हलक्या, एक न्यूटनहूनही कमी बलाने, तरी झुलणे स्पष्टपणे घटते. बोट इथे आधार देत नसते, तर शरीर कोणत्या दिशेला कलते आहे याची खबर देत असते. पांढऱ्या काठीचे टोकही जमिनीची अशीच खबर हातापर्यंत आणते. दृष्टिबाधितांच्या ज्युदोत लढत एकमेकांचा पोशाख धरूनच सुरू होते आणि संपर्क सुटला तर पंच ती थांबवून पुन्हा पकड घ्यायला लावतो, त्यामुळे प्रतिस्पर्ध्याचा भार कोणत्या पायावर सरकतो आहे हे कापडाच्या ताणातून कळते, जरी तो आधार स्वतःच हलता आणि आपल्याला पाडायला टपलेला असला तरी. २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये कपिल परमार यांनी ६० किलो गटात कांस्यपदक मिळवले. ज्युदोतील भारताचे ते पहिले पॅरालिम्पिक पदक.

दुसऱ्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांच्या पुनर्वसनासाठी १९४६ मध्ये जन्मलेल्या गोलबॉल या खेळातही स्पर्शच वाट दाखवतो: मैदानाच्या रेषांखाली दोरी असते, आणि घुंगरांचा सव्वा किलोचा चेंडू गिरकी घेऊन फेकल्यावर खेळाडू हातापायांनी ती चाचपून आपली दिशा पुन्हा ठरवतो. महाराष्ट्रात दिव्यांगांपर्यंत मल्लखांब नेणारे उदय देशपांडे यांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली. ज्या व्यायामात लाकडाशी किंवा दोराशी त्वचेचा संपर्क क्वचितच सुटतो, तो दृष्टिबाधित मुलांना मानवावा यात नवल नाही.

तरीही अनेक शाळांत खेळाच्या तासाला अंध मूल पडेल या धास्तीने बाजूला बसवले जाते आणि ज्या वयात तोल घडतो, ते वय खुर्चीत जाते. ज्युदोत पहिला धडा सुरक्षित पडण्याचाच असतो. शिक्षकांनी आणि पालकांनी तेवढा धडा आधी द्यावा आणि मग या मुलांना गवतावर, वाळूत, उतारावर अनवाणी चालू व धावू द्यावे.